घटक ६ : थकबाकीचे पत्र – मागणीची भाषा

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला लहान व्यवसायातील थकलेल्या रकमेसाठी स्मरणपत्र लिहिता येईल. मागणीच्या मराठी वाक्यरचनांतील फरक ओळखता येतील. आणि पत्रातील कोणता शब्द मवाळ असावा व कोणता अजिबात नसावा, हे ठरवता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीत अर्ज, निविदा, इतिवृत्त यांचा अभ्यास आपण केला. ते सगळे लिहिताना कोणाला संकोच वाटत नाही. स्वतःचेच पैसे मागताना मात्र भल्याभल्यांची लेखणी अडखळते. या घटकासाठी आपण रायगड जिल्ह्यातील पेण परिसराचे उदाहरण घेणार आहोत. पेण शहरात आणि लगतच्या हमरापूर, जोहे या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. मूर्ती घडविण्याचे काम जवळजवळ वर्षभर चालते. विक्री मात्र भाद्रपदातील मोजक्या दिवसांची. कारखानदार मुंबई-ठाण्याच्या विक्रेत्याला काही रक्कम आगाऊ घेऊन माल देतो, उरलेली रक्कम उत्सवानंतर यायची असते. ती वेळेवर आली नाही, तर पुढच्या हंगामाची माती, रंग आणि कारागिरांची मजुरी यांसाठी त्याला व्याजाने पैसे उचलावे लागतात.

६.३ ‘गणपती झाले की देतो’

या व्यवहारात तोंडी कराराचे वाक्य बहुधा असे असते : ‘गणपती झाले की पैसे देतो.’ वाक्य प्रामाणिक आहे, पण त्यातील ‘झाले की’ म्हणजे नेमके केव्हा? दीड दिवसाचे विसर्जन होते, गौरींबरोबर होते, अनंत चतुर्दशीला होते. रायगडात भाद्रपद वद्य चतुर्थीला साखरचौथीचे गणपती बसतात, आणि माघी गणपती तर पुढेच असतात. घेणारा अनंत चतुर्दशी धरून बसतो. देणाऱ्याला पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी असे एकेक निमित्त सापडत जाते. दोघांपैकी कोणी खोटे बोलत नाही. वाक्यच तसे सैल आहे.

म्हणून थकबाकीचा पहिला उपाय पत्रात नसून बिलात आहे. ‘शिल्लक रक्कम दि. १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत’ एवढे शब्द माल देताना बिलावर लिहून खाली विक्रेत्याची सही घेतली, तर पुढील पत्राचे निम्मे काम झालेले असते.

६.४ मागणीचे व्याकरण

पुढील तीन वाक्ये पाहा.

(अ) आपण रक्कम दिलेली नाही.
(आ) रक्कम अद्याप जमा झालेली नाही.
(इ) आमचे आपल्याकडे रु. ६६,००० येणे आहे.

पहिल्या वाक्यात दोष देणाऱ्यावर येतो. इंग्रजी पत्रलेखनाची पुस्तके अशा वेळी कर्मणी रचनेचा सल्ला देतात. मराठीत तो सल्ला उपयोगाचा नाही, कारण (अ) हे वाक्य आधीच कर्मणी प्रयोगात आहे! मराठी भाषक सौम्यता वेगळ्या वाटेने साधतो : (आ) मध्ये ‘होणे’ हे अकर्मक क्रियापद घेऊन रक्कमच कर्ता केली आहे, (इ) मध्ये तर ‘येणे’ या क्रियापदाचे नाम झाले आहे. पैसा जणू वाटेत आहे, कोणी अडविलेला नाही. बोलताना आपण ‘थोडे पैसे राहिलेत’ म्हणतो, तेही याच घडणीचे. ‘तगादा’, ‘वसुली’, ‘बाकी’ हे फारसीच्या मार्गाने आलेले अरबी शब्द आजही दफ्तराचा कडकपणा बाळगून आहेत. पहिल्या पत्रात ते टाळावेत.

विनंतीसाठी आज्ञार्थ (‘जमा करा’) नको, विध्यर्थ (‘जमा करावी’) हवा, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

मात्र येथेच एक चूक सर्रास होते. एका संपर्कसत्रात एका विद्यार्थ्याने घरच्या कारखान्याचे पत्र दाखविले होते. त्यात ‘आपले सहकार्य लाभत आले आहे’, ‘यथाशक्ती’, ‘लवकरात लवकर’, ‘कृपया गैरसमज नसावा’ असे सगळे होते. रक्कम आणि तारीख तेवढी नव्हती. ज्याच्यापुढे पाच देणेकरी उभे आहेत, असा विक्रेता हे पत्र सर्वांत खाली ठेवील. सौम्यता क्रियापदात असावी. आकड्यात आणि तारखेत ती शिरली की पत्र निकामी होते. ‘लवकरात लवकर’ हा माझ्या मते या पत्रप्रकारातील सर्वांत महाग शब्दप्रयोग आहे.

६.५ नमुना : पहिले स्मरणपत्र

दि. १८ सप्टेंबर २०२५
श्री. .......... यांस,
सप्रेम नमस्कार.
दि. २० जुलै २०२५ रोजी आपणांस १२० कच्च्या मूर्ती पाठविल्या (बिल क्र. ......). एकूण किंमत रु. ९६,०००, पैकी आगाऊ मिळालेले रु. ३०,०००. शिल्लक रु. ६६,००० ची मुदत १५ सप्टेंबर रोजी संपली असून ही रक्कम अद्याप जमा झालेली नाही. ती दि. ३० सप्टेंबरपर्यंत खात्यात जमा करावी, ही विनंती. हिशेबात तफावत आढळल्यास त्याच तारखेपर्यंत सहीनिशी लेखी कळवावे.
आपला,
..........

शेवटचे वाक्य औपचारिक वाटेल, पण ते सर्वांत उपयोगी आहे. मुदत अधिनियम, १९६३ नुसार विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करण्याची मुदत सर्वसाधारणपणे ३ वर्षे असते. त्या मुदतीत देणेकऱ्याने सहीनिशी लेखी देणे मान्य केले, तर तेथून मुदत नव्याने मोजली जाते. ‘सध्या अडचण आहे, दिवाळीत रु. ६६,००० देतो’ असे सही केलेले उत्तर आले, तर पैसे आले नाहीत हे खरे. पण हाती काहीच लागले नाही, असेही नाही.

६.६ शेवटचे पत्र

दुसऱ्या पत्रात पहिल्याचा दिनांक व रक्कम यांचा उल्लेख करून नवी तारीख द्यावी. त्यात याहून विशेष काही नाही. तिसऱ्या पत्रात कायदा येतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ नुसार लेखी ठरलेली मुदतही माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. लेखी काही ठरलेले नसेल, तर १५ दिवसांची मर्यादा आहे. त्यानंतर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. आमच्या नमुन्यातील माल २० जुलैला स्वीकारला असे धरा : ४५ दिवस ३ सप्टेंबरला पूर्ण होतात आणि २०२५ ची अनंत चतुर्दशी होती ६ सप्टेंबरला. म्हणजे व्यवसायाची रूढीच कायद्याच्या पुढे धावते! या संरक्षणासाठी कारखान्याची ‘उद्यम’ नोंदणी माल देण्याआधीच झालेली असणे हिताचे.

अशा पत्रातील ठरलेले वाक्य : ‘मुदतीत रक्कम न मिळाल्यास पुढील कार्यवाही करणे आम्हांस भाग पडेल.’ ‘आम्ही करू’ असे येथे नाही. ‘आम्हांस’ या रूपामुळे लिहिणाराही परिस्थितीपुढे नाइलाज झालेला दिसतो. रचना उत्तम आहे, परंतु जे खरोखर करणार असाल तेच तिच्यात लिहावे. पुढच्या ज्येष्ठात त्याच विक्रेत्याचा फोन येणार असतो, आणि पोकळ धमकी त्याच्या लक्षात राहिलेली असते.

६.७ स्वाध्याय

१. ‘तुम्ही पैसे बुडवलेत’ हा आशय ‘होणे’, ‘राहणे’ व ‘येणे’ ही क्रियापदे वापरून तीन प्रकारे लिहा. प्रत्येक वाक्याचा कर्ता सांगा.
२. वरील नमुन्यातील विक्रेता म्हणतो की १५ मूर्ती वाहतुकीत भंगल्या. त्याचे उत्तर आणि कारखानदाराचे प्रत्युत्तर प्रत्येकी ८० शब्दांत लिहा.
३. क्षेत्रीय कार्य : तुमच्या परिसरातील किराणा दुकान, मासळी विक्रेता किंवा सुतार यांच्याकडे उधारी मागताना बोलली जाणारी पाच वाक्ये जशीच्या तशी टिपून घ्या. त्यांपैकी किती वाक्यांत तारीख आहे?