वीज किती दूर? लहरींना विचारा!

बालमित्रांनो, वळवाच्या पावसात आधी वीज चमकते, मग गडगडाट ऐकू येतो. असं का बरं? खरे तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. विजेमुळे भोवतालची हवा एकदम तापते, झपाट्याने फुगते आणि मोठा आवाज होतो. प्रकाश व आवाज दोन्ही लहरींच्या रूपाने येतात, पण त्यांचा वेग वेगळा असतो.

लहर म्हणजे काय?
हौदात एक वाळलेले पान टाका. पाणी स्थिर झाले की लांबवर खडा टाका. लाटा काठापर्यंत जातात, पण पान जवळजवळ तिथेच वरखाली हलते. म्हणजे पाणी पुढे जात नाही, हालचाल पुढे जाते. हीच लहर!

हिशोब करा
प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. आवाज हवेतून फक्त ३४० मीटरच्या आसपास जातो. म्हणून एक किलोमीटर यायला आवाजाला सुमारे ३ सेकंद लागतात. वीज चमकली की सेकंद मोजा आणि ३ ने भागा.
उदाहरण : १२ सेकंदांनी गडगडाट आला. १२ ÷ ३ = ४. वीज ४ किलोमीटरवर आहे.

तिसरी लहर
वीज चमकताच रेडिओत खरखर होते, ऐकली आहे ना? विजेतून रेडिओलहरीही निघतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्रकाशाच्याच वेगाने धावतात. शास्त्रज्ञांनी ठिकठिकाणी त्या टिपणारी यंत्रे बसवली आहेत. जवळच्या यंत्राला लहर आधी मिळते, लांबच्याला किंचित उशिरा. ३०० किलोमीटरला सेकंदाचा हजारावा भाग! या फरकावरून वीज कुठे झाली ते कळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने यावरूनच 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप तयार केले. जवळपास विजा होत असतील तर ते सूचना देते. म्हणजे आपण बोटांवर मोजतो तोच हिशोब यंत्रे करतात, फक्त फार बारीक.

जीव वाचवणारे नियम
१. चमक व गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ असेल, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. पुढची वीज आपल्याजवळही पडू शकते. मोजत उभे राहू नका, लगेच पक्क्या घरात जा.
२. झाडाखाली थांबू नका. विहीर, तळे, तारेचे कुंपण यांपासून दूर राहा.
३. आसराच नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. एकमेकांपासून अंतर ठेवा.
४. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नका.

पालकहो, पेरणीच्या घाईत हातातले काम सोडवत नाही, हे खरे. पण मुलाने "आबा, वीस सेकंदच झाले, घरी चला" असे म्हटले, तर त्याचे ऐका. काम उद्याही करता येईल.