घरच्या कांद्याचा करपा आणि सड : उसाच्या रानात काय काळजी घ्यावी



लेख उसाच्या अंकात आणि विषय कांद्याचा, असे वाटेल. पण पूर्वहंगामी उसाच्या सरीवर किंवा विहिरीजवळच्या चार वाफ्यांत घरापुरता कांदा लावत नाही असा सभासद आपल्या लातूर-नांदेड भागात विरळाच. शेतकी खात्याची माणसे ऊस पाहायला बांधावर गेली की निम्म्या वेळा चौकशी कांद्याचीच होते. पात वाळली, शेंडे जळाले, कांदा हाताला बुळबुळीत लागतो. वर्षाचा कांदा घरात यायचा की बाजारातून आणायचा, एवढा हा प्रश्न आहे. सन २०१९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाने राज्यातला खरिपाचा कांदा सडला आणि त्या हिवाळ्यात किलोला शंभर रुपयांच्या वर भाव गेला, हे घरातल्या बायामाणसांनी अजून विसरलेले नाही.

सुरुवात रोपापासून करू. आपली जमीन काळी, चिकण. सपाट वाफ्यात रोप टाकले आणि पाणी तुंबले की रोपे बुडाशी मऊ होऊन कोलमडतात. म्हणून गादीवाफा करावा, एक मीटर रुंद आणि वीतभर उंच. बियाला किलोमागे २ ते ३ ग्रॅम थायरम चोळावे. घरचे बी वापरायचे तर गेल्या हंगामाचेच घ्यावे. कांद्याच्या बियाची उगवण वर्षभरात झपाट्याने उतरते. दोन वर्षांचे बी दाट टाकून काही उपयोग होत नाही.

रान निवडताना आधी काय पीक होते ते पाहा. सोयाबीन, हरभरा, भुईमूग यांत बुडाशी पांढरी बुरशी येऊन झाडे मरत असतील, तर तीच बुरशी कांद्यालाही लागते. उपटलेल्या झाडाच्या बुडाशी मोहरीएवढे गोल दाणे दिसले की ओळखावे. हे दाणे जमिनीत काही वर्षे टिकतात. अशा रानात दोन-तीन वर्षे कांदा नको. ज्वारी किंवा मका घ्यावा. प्रेसमड चांगला कुजलेलाच घाला आणि त्यात ट्रायकोडर्मा मिसळा. कच्चा, गरम प्रेसमड टाकून लगेच रोप लावले तर मुळे धरत नाहीत.

आता करपा. पातीवर लहान पांढुरका, खोलगट ठिपका पडतो, तो लांबट होतो आणि मधोमध जांभळा दिसतो. हा जांभळा करपा. पात त्या जागी मोडते आणि शेंड्याकडून वाळत येते. पिवळसर-तपकिरी लांब पट्टे दिसले तर तो तपकिरी करपा. ढगाळ हवा, धुके, रात्रीचे दव आणि त्यात पाटाचे भरपूर पाणी, की आठवड्यात वाफा पिवळा पडतो. उसाला पाणी लागते म्हणून कांद्यालाही तेवढेच सोडले, इथेच बहुतेक ठिकाणी रोगाला वाट मिळते. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांचा कांदा बरा राहतो, हे आम्ही मांजराकाठीही पाहतो आणि गोदाकाठीही.

करप्याच्या आधी बहुधा फुलकिडे आलेले असतात. पातीच्या बेचक्यात, आतल्या कोवळ्या पानांत बारीक पिवळसर किडे दिसतात आणि पातीवर चंदेरी चट्टे पडतात. त्यांनी ओरखडलेल्या जागेतून बुरशी आत शिरते. तेव्हा नुसते बुरशीनाशक मारून भागत नाही, फुलकिड्यांचाही बंदोबस्त हवा. वाफ्याच्या चारी बाजूंनी महिनाभर आधी मक्याच्या दोन ओळी लावल्या तर उडून येणारे फुलकिडे बरेच अडतात. करप्याचे पहिले ठिपके दिसताच १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम मॅन्कोझेब आणि चिकट द्रव घालून फवारावे. कांद्याची पात गुळगुळीत, मेणचट. चिकट द्रव नसेल तर औषध ओघळून जाते आणि पैसे मातीत. हवा ढगाळच राहिली तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा फवारावे, पण औषध बदलून; टेब्युकोनॅझोल चालते. प्रमाण डब्यावरच्या चिठ्ठीप्रमाणे. आणि फवारलेल्या वाफ्यातली पात भाजीला खुडू नका. पातीसाठी एक वाफा वेगळा, बिनफवारणीचा ठेवावा, घरात तसे सांगून ठेवावे.

एक गोष्ट खास ऊसवाल्यांची. पात पिळवटली, वेडीवाकडी झाली की लोक 'पीळ रोग आला' म्हणून दुकानात धावतात. पीळ हा बुरशीचा रोग आहे खरा, जास्त करून पावसाळी कांद्यावर येतो. मान लांबते, पातीवर खोल चट्टे पडतात. पण हिवाळ्यात, कोरड्या हवेत पात अचानक वाकडी झाली तर आधी विचारा, उसात २,४-डी कोणी मारले? शेजारच्या रानातून वाऱ्याने आलेला फवारा किंवा तोच पंप न धुता कांद्याला वापरला, तरी पात अशीच वळते. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवावा. ज्या सरीत कांदा लावायचा तिथे अॅट्राझीन तर मुळीच नको. कांदा ते सोसत नाही.

युरियाचे तसेच. उसाच्या हप्त्याबरोबर कांद्यालाही मूठ पडत राहते. लावणीनंतर दीड महिन्याने कांद्याचा नत्र बंद झाला पाहिजे. नाहीतर मान जाड राहते, पात लुसलुशीत होते, करपा धरतो आणि असा कांदा चाळीत पहिल्यांदा सडतो.

निम्म्या माना पडल्या की काढणी करावी. पाणी त्याआधी दहा-पंधरा दिवस तोडावे. काढलेला कांदा पातीसकट तीन-चार दिवस रानात सुकवावा, एकाची पात दुसऱ्याच्या कांद्यावर येईल अशी ओळ लावून. मग इंचभर मान ठेवून पात कापावी आणि आठ-दहा दिवस सावलीत पसरावा. मान अगदी बुडाशी कापली की तिथूनच बुरशी शिरते. सालीखाली काजळीसारखी काळी पूड दिसणारे, जोड आणि डेंगळे आलेले कांदे वेगळे काढून आधी खाण्यात घ्या. साठवण जमिनीला टेकून नको, पोत्यात कोंबून तर नकोच. खालून वारा खेळेल अशी बांबूची माचण पुरते.

रोग ओळखता आला नाही तर दोन-तीन झाडे मुळासकट उपटून, कागदात गुंडाळून गट कार्यालयात आणून द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत आणू नका; वाटेतच कुजतात, मग मूळ रोग कोणता ते कळत नाही. अगोदर कोणते औषध मारले आणि उसाला कोणते तणनाशक वापरले, हे चिठ्ठीवर लिहावे.