परिषदेची आखणी : एक विचार

'परिषद' म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे व्यासपीठ, हारतुरे आणि लांबलेले आभारप्रदर्शन उभे राहते. परंतु संशोधकांची परिषद ही काही समारंभ नव्हे. ती कशी आखावी, याचा विचार एका नव्या शास्त्रशाखेच्या उदाहरणाने करण्याचे येथे योजिले आहे.

ही शाखा म्हणजे 'सायबर-फिजिकल सिस्टिम्स'. मोटारीचे ब्रेक, विमान, हृदयाची गती सांभाळणारा पेसमेकर यांत संगणक बसवलेला असतो. संवेदक मोजमाप घेतो, संगणक निर्णय करतो, यंत्र हालते आणि पुन्हा मोजमाप होते. हे चक्र अखंड चालते.

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमधील हेलन गिल यांनी २००६ च्या सुमारास हे नाव दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात टेक्सासमधील ऑस्टिन येथे या विषयावर कार्यशाळा झाली. तिच्यासाठी लिहिलेल्या टिपणात बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक एडवर्ड ली यांनी मूलभूत प्रश्न विचारला : संगणकशास्त्राचा आजचा पाया या कामाला पुरेसा आहे काय? प्रोग्राममध्ये काय करायचे ते लिहिलेले असते. किती वेळात, ते नसते. पगारपत्रक क्षणभर उशिरा निघाले तर काही बिघडत नाही. पण अपघाताच्या वेळी मोटारीतील हवेची पिशवी क्षणभर उशिरा फुगली तर माणूस जातो. तेथे उशिरा आलेले बरोबर उत्तर चूकच ठरते.

यावरून आखणीचा पहिला नियम मिळतो : सभागृहाच्या आधी प्रश्न ठरवावा आणि टिपणे आधी मागवावीत.

दुसरा प्रश्न, बोलवावे कोणाला? २००८ साली सेंट लुईस येथे वेळेचे बंधन पाळणारे संगणक, संवेदकांची जाळी आणि नियंत्रणशास्त्र या विषयांच्या तीन परिषदा एकाच आठवड्यात, एकाच ठिकाणी भरवल्या गेल्या. २०१० मध्ये स्टॉकहोमला या शाखेची स्वतंत्र परिषदही त्यांत आली. कोणाचे घर मोडले नाही. अंगण तेवढे एक केले. मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते.

तिसरे, संकटाचीही तजवीज हवी. २०२० चा सिडनीचा मेळावा कोरोनामुळे संगणकाच्या पडद्यावरच भरवावा लागला.

चौथा नियम माझा स्वतःचा आहे. आमच्या घरात परिषदेला गेलेले कोणी नाही. कॉलेजात आलेला मीच पहिला. पण विहिरीवरच्या पंपाला मोबाईलवर चालणारा स्टार्टर आहे. पंप सुरू झाल्याचे तो घरबसल्या सांगतो. पाइप फुटून पाणी भलत्याच वाफ्यात चालले आहे, हे मात्र सांगत नाही. त्यासाठी वडिलांना रात्री बॅटरी घेऊन शेतात जावेच लागते. यंत्राला नेमके काय दिसत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

म्हणून निमंत्रितांच्या यादीत यंत्र वापरणाऱ्यांचीही नावे असावीत, आणि त्यांना समजेल अशा भाषेत एक तरी बैठक व्हावी. त्यांचे अनुभव ऐकून, ते नीट शब्दांत मांडण्याचे काम आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना निश्चित करता येईल.

— द्वितीय वर्ष कला