जमिनीखालचा तपास : इंधनाची टाकी गेली, तेल कुठे गेलं?



आठवी-नववीच्या मुलांना ‘भूजल’ शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : "सर, जमिनीखालचं दिसतच नाही, मग ते घाण झालंय हे कळतं कसं?" प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचं उत्तर एका खऱ्या घटनेतून देऊया.

घटना

अमेरिकेच्या हवाई बेटांवर, होनोलुलूजवळ रेड हिल नावाची टेकडी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिच्या पोटात नौदलाने इंधनाच्या 20 टाक्या बांधल्या. प्रत्येक टाकी सुमारे 250 फूट उंच आणि 100 फूट रुंद. खाली साधारण 100 फुटांवर पिण्याच्या पाण्याचा साठा! 2014 साली एका टाकीतून सुमारे 27,000 गॅलन इंधन गळलं. पुढे नोव्हेंबर 2021 मध्ये विमानाचं इंधन थेट नौदलाच्या विहिरीत पोचलं. नळाच्या पाण्याला वास येतोय, हे आधी कुटुंबांच्या लक्षात आलं. मुलांना पुरळ, उलट्या, डोकेदुखी सुरू झाली. सुरुवातीला मात्र पाणी सुरक्षित असल्याचं सांगितलं गेलं. मार्च 2022 मध्ये हा साठा कायमचा बंद करण्याचा आदेश निघाला.

टाक्या रिकाम्या झाल्या म्हणजे प्रश्न संपला का? नाही. खरा तपास तिथून पुढे सुरू होतो.

तपासाच्या पायऱ्या

1. जुनी कागदपत्रं : टाक्या, पाइप कुठे होते, गळती कधी झाली होती, जुन्या कामगारांना काय आठवतं, हे आधी बघतात.
2. माती : ठरावीक ठिकाणी बोअर घेऊन वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने काढतात. बाटली लगेच घट्ट बंद करतात, कारण पेट्रोलमधलं बेंझिन हवेत पटकन उडून जातं. नमुना उघडा राहिला तर माती ‘स्वच्छ’ असल्याचा खोटा निकाल येईल.
3. पाणी : निरीक्षण विहिरी खणतात. इंधन पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर तरंगतं. पण बेंझिनसारखे घटक थोडे विरघळतात आणि पाण्याबरोबर दूर जातात. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात बेंझिनची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आहे.

वर्गात सोडवायचं गणित

पाणी कोणत्या दिशेला वाहतंय हे कळायला एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरी लागतात. समजा :

- अ : तोंडाची उंची 100.0 मी., पाणी 8.2 मी. खाली
- ब : तोंडाची उंची 99.0 मी., पाणी 7.5 मी. खाली
- क : तोंडाची उंची 97.5 मी., पाणी 6.6 मी. खाली

बरीच मुलं म्हणतील, "क मध्ये पाणी सगळ्यात वर आहे." इथेच थांबवा आणि वजाबाकी करायला लावा. अ 91.8, ब 91.5, क 90.9. म्हणजे क ची पातळी सगळ्यात खाली! पाणी साधारणपणे अ कडून क च्या बाजूला जाणार. मग विचारा : टाकी मधोमध असेल तर फक्त अ चा नमुना तपासून "सगळं ठीक आहे" म्हणता येईल का?

करून बघा

काचेच्या भांड्यात वाळू भरा, अर्ध्यापर्यंत पाणी घाला. वरून हळद घातलेलं गोडंतेल एका कोपऱ्यात ओता. (रॉकेल किंवा पेट्रोल मुळीच नको.) आता पाणी थोडं वाढवा, मग नळीने थोडं काढा. पाण्याबरोबर तेलही वर-खाली होतं आणि वाळूला पिवळा पट्टा चिकटून राहतो. पावसाळ्या-उन्हाळ्यात जमिनीखाली हेच होतं. म्हणून नुसतं तरंगतं तेल उपसून काम भागत नाही.

आपल्यासाठी काय?

रेड हिलचा खडक बसाल्ट आहे, आणि महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात पायाखाली बसाल्टच आहे. त्याच्या भेगांतून पाणी कुठून कुठे जाईल याचा नुसत्या नजरेने अंदाज येत नाही. आपल्या बोअरच्या किंवा विहिरीच्या पाण्याला पेट्रोल-डिझेलचा वास आला, तर ते उकळून पिऊ नका. उकळल्याने जंतू मरतात, इंधन सुरक्षित होत नाही. पाणी वापरणं थांबवा, ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला लेखी कळवा आणि तपासणी मागा.

आणि मूल म्हणालं, "पाण्याला वास येतोय," तर "काहीतरीच काय!" म्हणू नका. एकदा स्वतः वास घेऊन बघा. तपासाची पहिली पायरी तीच असते.