आधी लाल की आधी निळा?

प्रश्न : आम्ही वाराणसीत दुर्गाघाटाजवळ राहतो. बालवाडीत संशोधकांनी माझ्या चार वर्षांच्या नातवाला ‘लाल ठोकळा उचलण्याआधी निळा उचल’ असं सांगितलं. त्याने लालच आधी उचलला. तो मागे आहे का?

उत्तर : आजी, एवढ्यावरून मुळीच नाही. या वयाची बरीच मुलं शब्द ज्या क्रमाने कानावर पडतात, त्याच क्रमाने कृती करतात. भाषाशास्त्रज्ञ ईव्ह क्लार्क यांनी १९७१ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलांत हेच नोंदवलं. त्यात तुमच्या घरात मराठी, गल्लीत हिंदी. वेळेचे शब्दही दोन्हींत सारखे नाहीत : आपला ‘काल’ सरलेला दिवस. हिंदीतला ‘कल’ उद्याही असतो! सूचना कोणत्या भाषेत दिली, हे जरूर विचारा. घरी ‘आधी निळा उचल, मग लाल’ असं सांगून पाहा.