प्रोजेक्टर बंद करायची घाई नको

मैत्रिणींनो, प्रशिक्षण संपलं की घरी जायची घाई असते. कुणीतरी पटकन भिंतीवरचं बटण बंद करतं. दिव्याच्या प्रोजेक्टरचं नुकसान तिथंच होतं. आतला दिवा खूप तापलेला असतो. पंखा अचानक थांबला की उष्णता आतच कोंडते आणि दिवा लवकर जातो. नवा दिवा हजारो रुपयांना पडतो, तो खर्च ग्रामसंघाच्याच पैशातून होतो.

लावताना: पक्क्या टेबलावर ठेवा. खाली चादर नको. हवेच्या जाळीपुढे हातभर जागा मोकळी सोडा. आधी वायरी जोडा, मग चालू करा. चित्र मोठं हवं तर प्रोजेक्टर मागे सरकवा. कडा तिरक्या दिसल्या तर ‘कीस्टोन’ने सरळ करा. भिंगात मुलांना डोकावू देऊ नका.

बंद करताना: रिमोटचं पॉवर बटण दाबा. पडद्यावर पुन्हा विचारलं तर दुसऱ्यांदा दाबा. पंखा थांबेपर्यंत एक-दोन मिनिटं थांबा, मगच प्लग काढा. तेवढ्यात सतरंज्या गोळा होतात! मध्येच वीज गेली तर मशीन गार झाल्यावरच पुन्हा लावा. यूपीएस असेल तर पंखा चालू राहतो आणि नीट बंद करायला वेळ मिळतो.

देखभाल: महिन्यातून एकदा प्लग काढून फिल्टरची धूळ कोरड्या, मऊ ब्रशने झाडा. भिंग पदराने पुसू नका, चष्म्याचं कापड वापरा.

आणि हो, प्रोजेक्टर कोणती ताई बंद करणार, हे प्रशिक्षण सुरू होण्याआधीच ठरवा.