बाण सोडताना

धनुष्यबाण कोणाला ठाऊक नाही? रामाच्या हातात आपण तो पाहतो. लहानपणी बांबूच्या कमचीला सुतळी बांधून आपणही धनुष्य केले असेल.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही एका शाळेवर हेडमास्तर होतो. दसरा जवळ आला होता. मुलांनी बांबूची धनुष्ये केली. तणसाच्या ढिगाला जुने सूप टांगले. "गुरुजी, नेम मारू का?" मुलांनी विचारले. आम्ही "मारा" म्हणालो.

एका मुलाने नेम धरला. नेम सरळ सुपावर होता. पण सोडताना त्याने हाताला झटका दिला. बाण बाजूला गेला. तिथे दुसरा मुलगा उभा होता. बाण त्याच्या भुवईला लागला. डोळा थोडक्यात वाचला.

बाण मारणारा पोरगा रडू लागला. म्हणाला, "गुरुजी, नेम तं बराबर होता. मंग बाण तिकडं कसा गेला?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. मुले आजूबाजूला उभी असताना आम्ही परवानगी दिली. चूक आमचीच होती. पुढे आम्ही जाणत्यांना विचारले, पुस्तके वाचली. तेव्हा उत्तर सापडले. तेच आज सांगतो.

उभे राहणे. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याने डावा खांदा नेमाकडे करावा. पाय खांद्याइतके फाकवावेत. धनुष्य मुठीत आवळू नये.

दोरी धरणे. बाणाची खाच दोरीत बसवावी. एक बोट बाणाच्या वर, दोन बोटे खाली. एकलव्याने अंगठा दिला, ही कथा आपण ऐकली आहे. पण या पद्धतीत दोरी ओढायला अंगठा लागतच नाही!

ओढणे. नुसत्या हाताने ओढू नये. पाठीचा जोर लावावा. हात हनुवटीखाली टेकवावा. दरवेळी अगदी त्याच जागी टेकवावा. हात खाली सरकला, तर बाण नेमाच्या वर जातो.

नेम धरणे. नेम धरताना हात थोडा हलतोच. त्याला घाबरू नये. हात दगडासारखा स्थिर होईल म्हणून वाट पाहत बसू नये. फार वेळ ताणून धरले, की हात थकतो आणि जास्तच हलतो.

सोडणे. सगळी मेख इथेच आहे. भरलेल्या बादलीची कडी बोटांत धरली आहे, असे समजा. बोटे सैल केली, की कडी आपोआप सुटते. दोरीही तशीच सुटू द्यावी. बोटे फाकवू नयेत. हात बाहेर झटकू नये. झटकला, तर दोरी वाकडी सुटते. ती बाणाचे शेपूट बाजूला ढकलते. शेपूट जरासे हलले, तरी लांबवर बाण हातभर चुकतो.

बाण नेमाला लागेपर्यंत धनुष्याचा हात खाली आणू नये. बाण कुठे गेला, ते पाहायची घाई झाली, की नेम बिघडलाच म्हणून समजा.

हे साधते का? साधते. आमच्या वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावरून गाडीत बसले, की नागपूर येते. त्या नागपूरचा ओजस देवतळे. आणि साताऱ्याकडची, शिक्षकाची लेक अदिती स्वामी. ५ ऑगस्ट २०२३ रोजी जर्मनीतील बर्लिन शहरात हे दोघेही जगज्जेते झाले. अदिती तेव्हा अवघी १७ वर्षांची होती. अंतर ५० मीटर, म्हणजे सुमारे १६४ फूट. मधले १० गुणांचे वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटर रुंद, चहाच्या कपाच्या तोंडाएवढे! शेवटच्या सामन्यात ओजसचे १५ पैकी १५ बाण त्यात लागले. १५० पैकी १५० गुण!

त्यांच्या धनुष्याला टोकांशी चाके असतात. दोरी बोटांनी नव्हे, हातातल्या लहानशा यंत्राने सोडतात. पण नियम तोच. झटका दिला, की बाण चुकला.

घरातील पोरांना मात्र तीन गोष्टी बजावून सांगा.

१. धनुष्य कधीही माणसावर किंवा जनावरावर रोखू नये. गंमत म्हणूनही नाही.
२. नेमाच्या मागे व बाजूला कोणी नाही, हे आधी पाहावे. सर्वांनी मारणाऱ्याच्या मागे उभे राहावे.
३. बाण न लावता ताणलेली दोरी सोडू नये. धनुष्य मोडते आणि इजा होते.

ज्याला बाण लागला, तो मुलगा आता दोन लेकरांचा बाप आहे. वरठीच्या बाजारात भेटला, की "नमस्कार गुरुजी" म्हणतो. आमची नजर मात्र आधी त्याच्या भुवईवरच्या वणाकडे जाते. सुटलेला बाण परत येत नाही. म्हणून सोडण्याआधीच पाहावे.

सांगा पाहू

१. नेम बरोबर असूनही बाण बाजूला का गेला?
२. दोरी कशी सोडावी?
३. बाण मारताना इतरांनी कुठे उभे राहावे?